बोटीचा पंखा (प्रोपेलर) निवडायला शिकवणाऱ्या काकांस

वडोदरा

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. तुमचे आभार मानायचे तर तुम्ही काय शिकवलंत ते सांगायला हवं, आणि ती माहिती दांडिया बाजारातल्या तुमच्या ओसरीपुरती राहू नये असं आम्हाला मनापासून वाटतं. बोट उचलत नाही, म्हणजे वेग घेऊन पाण्यावर चढत नाही, म्हटलं की लोक प्लग बदलतात, पेट्रोल गाळतात, कार्ब्युरेटर खोलतात, शेवटी मोठं इंजिन घ्यायची भाषा सुरू होते. इंजिनाखाली पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या पंख्याकडे कोणी बघत नाही. तुमचा पहिला प्रश्न मात्र ठरलेला असतो: "बोट भरलेली असताना पूर्ण थ्रॉटलला आरपीएम (मिनिटाला इंजिनाचे फेरे) किती?"

इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये पूर्ण थ्रॉटलच्या आरपीएमची मर्यादा दिलेली असते. ११५ अश्वशक्तीच्या बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून टांगलेल्या इंजिनांना, ती ५००० ते ६००० असते. आता तुम्ही नेहमी देता ते उदाहरण. एका फेरीत कागदावर १९ इंच पुढे जाणारा, म्हणजे १९ पिचचा पंखा, बोटीत दोन माणसं, काटा ५६०० वर, सगळे खूश. त्याच बोटीत सहा जण बसले आणि मागे ट्यूब (माणसं बसवून दोरीने ओढायची हवा भरलेली गादी) लागली की काटा ४९०० वर अडकतो. नाक आकाशाकडे, मागे फेसाचा डोंगर, आणि बोट काही केल्या पाण्यावर चढत नाही. पावागढला माचीचा चढ टॉप गिअरमध्ये चढवण्यासारखंच ते. अशा वेळी नुसता उशीर होतो असंही नाही. थ्रॉटल पूर्ण उघडा आणि आरपीएम मर्यादेच्या खाली, अशा स्थितीत इंजिन रोज चाललं तर पिस्टन तापतात, नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून होणारी टकटक) होतं, कार्बन साचतो. त्याचं बिल पंख्याच्या किमतीच्या कितीतरी पट येतं.

पाण्यात घसरण झालीच नसती तर पंखा एका फेरीत जितके इंच पुढे गेला असता, तितकी त्याची पिच. पिच एक इंचाने उतरवली की आरपीएम साधारण १५० ते २०० ने चढतात. म्हणजे १९ च्या जागी १७ लावला तर भरलेली बोट ४९०० वरून ५२५० च्या आसपास येते आणि हलकी बोट ५९५० ला थांबते. दोन्ही आकडे मर्यादेत. हाव धरून १५ लावला तर भरलेली बोट छान उसळेल, पण हलकी बोट ६३०० कडे धावेल आणि मर्यादेबाहेरचे आरपीएम रोखणारा लिमिटर इंजिन तोडत राहील. म्हणून १७. वरचा वेग ताशी थोडा कमी होतो, हे खरं. पण ट्यूब ओढायला ताशी २५-३० किलोमीटर लागतात, वेकबोर्डला (दोरी धरून एका फळीवर उभं राहायचा खेळ) ३० ते ३७, दोन पट्ट्यांच्या स्कीला ४०-४५. ताशी ६० ची गरज यात कुठेच नाही. लागतो तो उभ्या जागेवरून पहिल्या काही सेकंदांचा जोर, नाहीतर पाण्यात बसलेला स्कीवाला उभा राहण्याआधीच दोरी सोडून देतो.

घसरणीचं गणित तुम्ही इतकं सोपं करून दिलंत की आता ते प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. आरपीएम गुणिले पिच गुणिले ०.००१५२४, भागिले गिअर रेशो (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाचे किती फेरे), की ताशी किलोमीटरमध्ये कागदावरचा वेग मिळतो. ५५०० आरपीएम, १७ पिच आणि २.१५ रेशो असेल तर उत्तर ६६.३ येतं. जीपीएसवर ५५ दिसले तर घसरण १७ टक्के. १० ते २० टक्क्यांना काळजी नाही. ३० च्या पुढे गेली तर पंखा बदलण्याआधी दुसरीकडे बघावं: इंजिन ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या भिंतीवर, फार उंच बसलंय का, पात्याची कड खाल्ली गेलीय का, हब सुटलाय का.

या सुटलेल्या हबबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. पंख्याच्या आत रबराचा हब असतो. पातं दगडावर आपटलं की तो घसरून गिअर वाचवतो. पण एकदा घसरलेला हब पुढे जोर लावला की परत परत घसरतो. इंजिन ओरडतं, आरपीएम उसळतात, बोट जागची हलत नाही, आणि थ्रॉटल कमी केला की सगळं सुरळीत वाटतं. लोक क्लच नाहीतर गिअरबॉक्स खोलायला घेतात. तुमचा उपाय एका रेषेचा: आतली पितळी बुशी आणि बाहेरचा दंडगोल, दोन्हींवरून ऑइल पेंटने सरळ रेघ ओढायची, बोट जोराने चालवून आणायची, रेघ तुटलेली दिसली की हब गेला. धिम्या वेगात किनारा गाठता येतो, तेवढं मात्र तो साथ देतो.

रेघ अखंड असेल आणि तरी वळणावरच आरपीएम उसळत असतील, तर पंखा हवा ओढतोय. ट्रिम (इंजिनाचा कल) खाली घेऊन बघायचं. इंजिनाच्या खालच्या भागावरची आडवी प्लेट बोटीच्या तळाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर वर आहे का, तेही मोजायचं. तिथे सगळं ठीक असेल तरच चार पात्यांचा विचार. चार पाती वळणावर पाणी सोडत नाहीत, बोट लवकर उचलतात, आणि ३० च्या आसपास वेग स्थिर धरतात. वेकबोर्डवाल्याला नेमकं तेच हवं असतं. त्याच पिचला तीन पात्यांपेक्षा आरपीएम थोडे उतरतात, म्हणून चार पाती घेताना पिच एक इंच कमी धरा, असं तुमचं सांगणं. पात्याच्या मागच्या कडेला वळवलेला ओठ, म्हणजे कप, असेल तर तोही पकड वाढवतो आणि आरपीएम खाली आणतो. हिशेबात तो अर्धा ते एक इंच जास्त पिच समजावा. दंडगोलावर पात्यांमागे भोकं असलेले पंखे जड बोटीला चांगले: सुरुवातीला त्यांतून एक्झॉस्टचा वायू पात्यांवर येतो, पाणी हलकं होतं, इंजिन पटकन आपल्या जोरावर पोचतं, आणि बोट वेगात आली की भोकांचा परिणाम आपोआप सरतो.

अ‍ॅल्युमिनियम की स्टेनलेस, यावर तुम्ही कधी भांडला नाहीत. स्टेनलेसचं पातं पातळ आणि ताठ, जोरात वाकत नाही, उचल चांगली. पण महीच्या पात्रात वाळू आणि नर्मदेच्या काठाला खडक असताना आपटी बसली तर अ‍ॅल्युमिनियमचं पातं वाकून मोकळं होतं, स्टेनलेस तो धक्का शाफ्टकडे पाठवू शकतं. उथळ पाण्यात अ‍ॅल्युमिनियम, खोल जलाशयात स्टेनलेस, आणि काहीही असलं तरी बोटीत एक जादा पंखा, नट, वॉशर, कॉटर पिन, पाना. वाकलेलं पातं हातोडीने ठोकून सरळ करू नये हा तुमचा हट्ट आम्हाला पूर्ण पटलेला आहे. पिच ब्लॉकवर (ठरलेल्या पिचच्या साच्यावर) बसवल्याशिवाय तिन्ही पाती सारखी होत नाहीत, आणि एक पातं वेगळं राहिलं की थरथर सुरू होऊन आधी सील आणि मग बेअरिंग जातं.

बसवण्याची तुमची पद्धत आता सगळ्यांच्या हातात बसली आहे. इंजिन बंद करणाऱ्या किल स्विचची दोरी काढून खिशात, प्लगच्या वायरी सोडवलेल्या, गिअर न्यूट्रलला, पातं आणि प्लेट यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा. जुना पंखा निघाला की थ्रस्ट वॉशरच्या मागे मासेमारीची तंगूस गुंडाळलेली नाही ना ते पाहणं. ती सील कापते आणि गिअर ऑइल दुधाळ होतं. स्प्लाइनला (शाफ्टवरच्या खाचांना) मरीन ग्रीस भरपूर, वॉशरची उतरती बाजू शाफ्टच्या उताराला जुळवून, नट मॅन्युअलमधल्या टॉर्कला, कॉटर पिन दर वेळी नवी. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा तपासायचा.

चाचणीबद्दलही तुमचेच आभार. वजनासाठी माणसं बसवायची नाहीत, २० लिटरचे पाण्याचे कॅन ठेवायचे; एक कॅन म्हणजे २० किलो. पेट्रोल दर वेळी तेवढंच, वाऱ्याच्या दिशेने एक फेरी आणि वाऱ्याविरुद्ध एक, थांबलेल्या बोटीपासून ताशी ३० पर्यंत स्टॉपवॉच, दोन्हींची सरासरी. जानेवारीच्या सकाळी घेतलेला आकडा मे महिन्याच्या दुपारी येत नाही, गरम हवेत इंजिनाचा जोर कमी पडतो. त्यामुळे ज्या ऋतूत धंदा, त्याच ऋतूत चाचणी.

आणि वजन. १८ जानेवारी २०२४ ला हरणी तलावात बोट उलटून १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्यानंतर वडोदऱ्यात बोटीची कोणतीही गोष्ट वजन आणि लाइफ जॅकेट सोडून बोलता येत नाही, येऊही नये. कमी पिचच्या पंख्याचा एक धोका तुमच्याइतका स्पष्ट कोणी सांगितला नव्हता: तो जादा भरलेली बोटही उचलून दाखवतो. चालकाला वाटतं, बोट चढली म्हणजे पेलली. पंख्याने ओढण्याचा जोर वाढतो, बोटीची क्षमता तीच राहते. क्षमतेच्या पाटीवर लिहिलेली माणसं आणि किलो, यांच्या पुढे एकही जण नाही. पाण्यातल्या माणसाला वर घेताना न्यूट्रल पुरत नाही, इंजिन बंदच करायचं. ओढणाऱ्या बोटीत चालकाशिवाय मागे बघणारा एक जण हवाच. विश्वामित्रीच्या पुरात चालणाऱ्या रबरी बोटींनाही तुमचा हाच हिशेब लागू पडतो. तिथे तर भरल्या बोटीचा जोर हाच सगळ्यात मोठा प्रश्न असतो.

यातल्या कशाचेही तुम्ही पैसे घेतले नाहीत. काटा, पिच, माणसं, सेकंद असं वहीत लिहून घेतलंत आणि वही कोणालाही उघडून दाखवलीत. तुमची परवानगी असेल तर त्या वहीतलं कोष्टक मोठ्या अक्षरांत छापून, लॅमिनेट करून धक्क्यावरच्या शेडमध्ये लावायचं आहे, मराठी आणि गुजराती दोन्हींत. चार पात्यांच्या १६ पिचची ओळ त्यात अजून रिकामी आहे. पंखा आणि कॅन तयार ठेवले आहेत, तुम्ही वार सांगा.

आपले नम्र,
वडोदऱ्यातले बोटवाले आणि दुरुस्तीवाले