कृष्णाकाठच्या वाचनालयाकडून, मनापासून आभार

आदरणीय सर,
स.न.वि.वि.

तुमचं नाव कुठे छापायचं नाही, असं तुम्ही बजावून ठेवलंय, म्हणून ते लिहीत नाही. पण पत्र उघडच लिहितेय. पलूस तालुक्यातल्या आमच्या वाचनालयासाठी तुम्ही जे केलंत, ते आसपासच्या ग्रंथपालांना कळायला हवं.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात पाणी वाचनालयात शिरलं. पुस्तकं गेल्याचं दुःख अख्ख्या गावाला झालं. दाखल नोंदीची रजिस्टरं भिजून लगदा झाली, त्याचं काय ते ग्रंथपालालाच कळतं. कुठलं पुस्तक देणगीत आलेलं, कुठलं सभासदाच्या घरी असल्यामुळे वाचलं, काही सांगता येईना. थोड्या नोंदी संगणकावर होत्या, पण त्या सॉफ्टवेअरची वार्षिक फी थकली आणि ते उघडायचंच बंद झालं. यादी आमच्या पुस्तकांची, टाइप केलेली आम्ही, आणि बघायला परवानगी दुसऱ्याची! मला त्याचा फार संताप आला होता.

तुम्ही आलात आणि पतसंस्थेनं बाद केलेल्या संगणकावर डेबियन ही संगणक चालवणारी मुक्त प्रणाली आणि कोहा हे वाचनालयाचं मुक्त सॉफ्टवेअर बसवून दिलंत. संचालकांच्या बैठकीत एकानं विचारलं, ‘फुकटात मिळतंय, मग उद्या अडलं तर जबाबदार कोण?’ प्रश्न रास्त होता आणि तुम्हीही तो झटकला नाहीत. सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरायचं, आतून कसं चालतं ते बघून बदलायचं, जसंच्या तसं दुसऱ्याला द्यायचं आणि बदललेलंही द्यायचं, हे मुक्त सॉफ्टवेअरचे चार हक्क तुम्ही नीट समजावलेत. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1983 मध्ये असं मुक्त सॉफ्टवेअर तयार करण्याचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, तेव्हापासून माणसं यासाठी झटताहेत, हे मला तोवर माहीत नव्हतं. मग कोहाची हकीकत सांगितलीत. न्यूझीलंडमधल्या होरोफेनुआ भागातल्या वाचनालयांचं जुनं सॉफ्टवेअर 2000 साल उजाडल्यावर चालणार नव्हतं, म्हणून 1999 मध्ये त्यांनी हे करून घेतलं आणि हे चारही हक्क देणाऱ्या जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुलं केलं. मोठमोठ्या विद्यापीठांनी नव्हे, लहान गावांच्या वाचनालयांनी! त्यावर अध्यक्ष म्हणाले, ‘मग आपल्यालाही जमंल की.’ ठराव तिथंच मंजूर झाला.

सोपं मात्र नव्हतं. नोंदी नव्यानं भरताना एक विचित्र घोळ निघाला. ‘ॲडव्होकेट’ म्हणून शोधलं की निम्मीच पुस्तकं दिसायची. तुम्ही शेजारी बसून दाखवलंत की आमच्यातल्या काही जणी ‘ॲ’ हे एकच अक्षर टाइप करतात, तर काही जणी ‘अ’ घेऊन त्यावर चंद्र देतात. पडद्यावर दोन्ही सारखंच दिसतं, संगणकाला मात्र ती दोन निरनिराळी अक्षरं. तुम्ही छोटा प्रोग्राम लिहून सगळ्या नोंदी एकसारख्या केल्यात आणि त्याच संध्याकाळी तो खुल्या परवान्यासह साताऱ्याकडच्या एका वाचनालयालाही पाठवलात. त्यांच्याकडेही हाच घोळ होता.

पण सर, माझे खरे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी आहेत. काही अडलं की मी तुम्हाला फोन लावायची. एकदा तुम्ही स्पष्ट सांगितलंत, ‘ताई, मला एकट्याला विचारू नका, ग्रंथपालांच्या गटावर सगळ्यांसमोर विचारा. उत्तर सगळ्यांना मिळेल, आणि मी नसलो तरी अडणार नाही.’ खरं सांगते, तेव्हा वाईट वाटलं होतं. प्रश्न कसा मांडायचा तेही तुम्हीच शिकवलंत: आपण काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं, आणि पडद्यावरचा संदेश अक्षरशः जसाच्या तसा. इतका नेमका प्रश्न लिहायला बसलं की निम्म्या वेळा उत्तर लिहितानाच सापडतं.

पुढे तासगावच्या एका ग्रंथपालानं गटावर देवघेवीच्या नियमांबद्दल विचारलं. तुम्हाला उत्तर येत होतं, तरी तुम्ही गप्प राहिलात. दुपारपर्यंत वाट बघून शेवटी मीच लिहिलं. दहावीनंतर शाळा सुटलेल्या बाईनं संगणकाच्या प्रश्नाला दिलेलं ते उत्तर त्यांना लागू पडलं. त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो तुमच्यामुळे.

मानधन तुम्ही घेतलं नाहीत, बेदाण्यांची पिशवी तेवढी नेलीत. उलट, या कामाची तुम्ही मराठीत लिहून दिलेली वही आम्ही टाइप करून इतर वाचनालयांना द्यायची, असं कबूल करून घेतलंत. ती टाइप झाली. रोजच्या बॅकअपचं प्रकरण मी वाढवलंय, कारण पूर येणाऱ्या गावाला तेच सगळ्यात गरजेचं. आमची एक प्रत आता विट्याला एका सभासदाकडे असते.

वही कडेगावच्या दोन वाचनालयांना दिली. त्यांनी आमच्या चुका काढून पाठवल्यात, त्या दुरुस्त करतेय. दिवाळीत गावी याल तेव्हा सुधारलेली प्रत दाखवते.

आपली,
ग्रंथपाल