दांडिया बाजारातल्या काकूंना, जाहीर आभार

काकू, सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही अशी तुमची सक्त ताकीद आहे, म्हणून नुसतं 'काकू'. दांडिया बाजारात काकूंना तोटा नाही, तेव्हा तुमचं गुपित शाबूत राहील. माझ्या थीसिसचे आलेख माझ्याच हातानं काढायला तुम्ही शिकवलंत, त्याबद्दलचं हे पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. ज्यांनी मला आधी टोलवलं त्यांच्याही नजरेला ते पडावं, असा त्यात माझा थोडा दुष्ट हेतू आहे.

परवा महिला मंडळात आपला आलेख पडद्यावर लागला. बडोद्याच्या जुन्या गावातली मराठी घरं वर्षभरात कोणती भाजी किती आणतात, त्याच्या चार रेघा आणि खाली बारा महिने. मागच्या रांगेतल्या एक आजी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "वैशाखात पालेभाजी खाली जाणारच. तेव्हा खंडेराव मार्केटात धड मेथी दिसते का?" शेजारच्या म्हणाल्या, दिसते की, पण भाव विचारलात का कधी? झालं, दोघींची जुंपली. मला तर भरून आलं. 'हे काय आहे', 'यातली भाजी कुठली', असं एकीनंही विचारलं नाही. त्या थेट मेथीवरून भांडत होत्या.

हेच आकडे घेऊन मी आधी किती दारं वाजवली, ते तुम्हाला ठाऊक आहे. इथे थोडक्यात सांगते, कारण सांगितल्याशिवाय मला बरं वाटायचं नाही.

थीसिसची कामं करून देणारं एक दुकान आहे. त्यांनी पैसे आगाऊ घेतले आणि चित्रं पाठवली. संगणकाला सूचनांच्या ज्या ओळी लिहून ती चित्रं काढली, त्या मागितल्या तर म्हणे त्या देत नाही. रंग बदलायचा? त्याचे वेगळे पैसे. महिन्यांची नावं मराठीत हवीत म्हटलं, तर उत्तर आलं, "मॅडम, सॉफ्टवेअर में मराठी नहीं आता, इंग्लिश कर दो." म्हणजे ज्या बायकांच्या स्वयंपाकघरातून मी आकडे गोळा केले, त्यांनाच आलेख परका. मग एका कार्यशाळेत जाऊन बसले. तिथले सर स्लाइड अशा सरकवत होते की जणू मागे कुणी लागलंय. शंका विचारली की "गूगल कर लो".

शेवटी घरचा भाचा. आयटीत आहे, हुशार आहे, मामीवर जीवही आहे. "सरक जरा, पाच मिनिटांचं काम," म्हणून त्यानं लॅपटॉप स्वतःकडे ओढला. निळे ठिपके हवे होते म्हणून 'ब्लू' लिहिलं, तर ठिपके आले गुलाबीसर लाल आणि शेजारी लेजंडमध्ये, म्हणजे कोणता रंग कशाचा ते सांगणाऱ्या यादीत, ऐटीत नाव झळकलं, 'ब्लू'. भाचा म्हणाला, "मामी, तुझा डेटाच खराब आहे."

डेटा खराब नव्हता, हे तुम्ही पुढे एका वाक्यात समजावलंत. जीजीप्लॉटमध्ये, म्हणजे 'आर' या संगणकभाषेतल्या आलेख काढायच्या साधनात, 'एईएस' या सूचनेच्या कंसात जे लिहू ते त्याला डेटातलं वाटतं. कंसात 'ब्लू' लिहिलं की तो समजतो, या नावाचा एक गट आहे, आणि त्या गटाला आपल्या यादीतला पहिला रंग देऊन मोकळा होतो. कंसाबाहेर लिहिलं की मग निळा म्हणजे निळाच. भाच्याला हे सांगितल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तुमच्याकडे मी कुणाच्या ओळखीनं आले, किती खेपा झाल्या, ते जाऊ दे. मला सांगायचंय ते खुर्चीबद्दल.

पहिल्या दिवशी टेबलापुढे एकच धड खुर्ची होती आणि तिच्यावर तुम्ही बसला होतात. मी सवयीनं लॅपटॉप उघडून तुमच्यापुढे सरकवला. आता 'सरक जरा' येणार, आपण मागे उभं राहून माना डोलवायच्या, हे मला पाठ झालं होतं. तुम्ही उठलात. मला खुर्चीवर बसवलंत, स्वतः स्वयंपाकघरातलं स्टूल आणलंत आणि माझ्या डाव्या हाताला बसलात. त्यानंतर शेवटपर्यंत तुम्ही कीबोर्डला हात लावला नाहीत. एकदाही नाही. मी एकेक अक्षर शोधत होते, स्वल्पविराम विसरत होते, कंस उघडा ठेवत होते, आणि तुमचे दोन्ही हात मांडीवर. एकदा तुमचं बोट नकळत पुढे आलं आणि तुम्ही ते मागे घेतलंत. मी बघितलं ते.

रंगाचा आकडाही तुम्ही तोंडीच सांगितलात. "हॅश. डी. पाच. पाच. ई. शून्य. शून्य." प्रत्येक अक्षरानंतर थांबायचं, माझं बटण सापडेपर्यंत. मग विचारलंत, "आता बघ, यात काय काय आहे? पहिली दोन अक्षरं लाल, मधली दोन हिरवा, शेवटची दोन निळा. शेवटी दोन शून्यं, म्हणजे निळा औषधालासुद्धा नाही. मग रंग कुठला येईल?" मी म्हटलं, शेंदरी? आणि पडद्यावर खरंच शेंदरी रेघ उमटली. शिकलेली बाई आहे मी, पदव्या आहेत. पण त्या शेंदरी रेघेचा आनंद मला पदवीच्या कागदानं दिला नव्हता.

भाच्यानं काम करून दिलं असतं तरी मी तिथेच राहिले असते, पुढच्या बदलासाठी पुन्हा कुणाच्या तरी मागे उभी. तुम्ही नुसतं स्टूल आणलंत.

बाकी तुम्ही जे शिकवलंत त्यातलं थोडं इथे लिहून ठेवते, कुणाच्या उपयोगी पडेल.

महिन्यांचंच घ्या. 'आर'नं आमचं वर्ष अक्षरांच्या क्रमानं लावलं होतं. आश्विनात सुरू, मग आषाढ, मग कार्तिक, त्याच्या मागून चैत्र, आणि शेवट श्रावणात! मी चिडले होते. तुम्ही शांतपणे विचारलंत, "तुझं वर्ष कुठून धरायचं? पाडव्यापासून की बेसतु वरसापासून?" बडोद्यात हा प्रश्न खराच आहे. आपण चैत्रात गुढी उभारतो आणि दिवाळी संपली की शेजारच्या बेनना 'साल मुबारक' म्हणतो. मी म्हटलं, चैत्र. "मग तसं त्याला सांग, त्या बिचाऱ्याला पंचांग कुठून कळणार?" फॅक्टरच्या लेव्हल्स, म्हणजे महिन्यांचा ठरलेला क्रम, मी माझ्या हातानं ओळीनं लिहिल्या आणि आलेख पहिल्यांदा माणसात आला. (अधिक महिना आला तर काय करशील, हा तुमचा प्रश्न मी तेव्हा हसण्यावारी नेला. आकडे २०२३ चे असते तर दोन श्रावण सांभाळावे लागले असते.)

मग रंग. न सांगता आलेले रंग दिसायला गोड होते, पण पालेभाजी निळसर आणि फळभाजी जांभळी. 'आर'मध्ये नावानिशी ६५७ रंग आहेत हे कळल्यावर मी हरखले, आणि त्यातले दोनशेच्या वर नुसते करडे आहेत हे कळल्यावर तुमच्यासारखीच खो खो हसले. तुम्ही मात्र रंग निवडायच्या आधी मला खालच्या झेरॉक्सवाल्याकडे पिटाळलंत. "जा, याची साधी काळी-पांढरी प्रत काढून आण." आणली. चारही रेघा एकाच राखाडी रंगाच्या! तुम्ही सांगितलंत, जीजीप्लॉट रंगचक्रावरून सारख्या अंतरावरचे रंग उचलतो आणि सगळ्यांना उजळपणा मुद्दाम सारखाच देतो, कुणी एक रंग डोळ्यात भरू नये म्हणून. हेतू चांगला, पण रंग काढून घेतला की मागे उरतो तो फक्त उजळपणा, आणि तो तर सगळ्यांचा एकच. थीसिसच्या प्रती जिथे झेरॉक्सवर निघणार, तिथे माझा अख्खा आलेख मुका झाला असता. पैसे घेणाऱ्या दुकानाला हे ठाऊक नसेल? असेलही. विचारणार कोण!

आणि मग काका. "अहो, जरा इकडे या," अशी हाक गेली आणि काका पेपर हातात घेऊनच आले. त्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही, हे मला तोवर माहीत नव्हतं. जुन्या आलेखावर तुम्ही त्यांना कंदमुळांची रेघ बोटानं दाखवायला सांगितलीत. बोट नीट निघालं, भाद्रपदाच्या आसपास कडधान्यांच्या रेघेवर गेलं आणि तिथूनच पुढे चालत राहिलं. काकांना पत्ताही नाही. त्या क्षणी मला कळलं की माझ्या आलेखात किती माणसांसाठी वाटच नव्हती. हा दोष बहुधा जन्मजात असतो, त्याचं जनुक एक्स गुणसूत्रावर, म्हणून पुरुषांमध्ये जास्त. युरोपीय वंशाच्या पुरुषांत तर साधारण बारांत एक. माझ्या परीक्षकांत तसा कुणी असता, तर त्यानं कंदमुळांचे गुण कडधान्यांना दिले असते.

तेव्हा तुम्ही ओकाबे आणि इतो या जपानी शास्त्रज्ञांच्या आठ रंगांची ओळख करून दिलीत. लाल-हिरवं न कळणाऱ्यांनाही वेगळे दिसावेत असे निवडलेले रंग. २०२० साली आलेल्या 'आर'च्या ४.०.० आवृत्तीपासून ते आतच बसवलेले आहेत, विकत घ्यावे लागत नाहीत. त्यातले चार आपण घेतले. पालेभाजीला हिरवा मिळाला, कडधान्यांना तो शेंदरी. प्रत्येक रंगापुढे भाजीचं नाव लिहायला लावलंत, म्हणजे उद्या क्रम बदलला तरी ज्याचा रंग त्याच्याकडेच राहील. झेरॉक्सला हेही रंग पुरे पडत नाहीत, हे तुम्ही लपवलं नाहीत. म्हणून एक रेघ सलग ठेवली, एक तुटक, एक ठिपक्यांची, एक रेघ-ठिपका. शेजारचं लेजंड काढून नावं रेघांच्या टोकालाच लिहिली. मागची करडी पाटी गेली, अक्षरं मोठी झाली. काकांना पुन्हा बोलावलं. त्यांनी चारही रेघा बिनचूक वाचल्या आणि म्हणाले, "एवढा बटाटा खातात लोक?"

मराठीचं तर दुकानदारानं साफ खोटं सांगितलं होतं. साध्या पीडीएफमध्ये अक्षरांच्या जागी ठिपके येत होते, हे खरं. चित्र काढायच्या एका पद्धतीत 'आश्विन', 'कार्तिक' यांच्या वेलांट्या भलतीकडे आणि 'ज्येष्ठ'चे तुकडे, हेही खरं. पण 'आर'ला 'रॅग' नावाचं फुकटचं पॅकेज जोडलं, पीडीएफ 'कैरो' नावाच्या दुसऱ्या पद्धतीतून काढली, आणि बाराही महिने शुद्ध मराठीत उभे राहिले. काम अर्ध्या तासाचंही नव्हतं. त्या 'मराठी नहीं आता'चे मी पैसे मोजले होते, काकू. तो राग अजून गेलेला नाही, आणि जावा अशी घाईही नाही.

राग यायचं कारण असं की ज्यांनी हे सगळं बनवलं, त्यांनी ते वाटून टाकलंय. ऑकलंडच्या विद्यापीठातल्या रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी 'आर' सुरू केलं आणि १९९५ पासून ते सगळ्यांना खुलं आहे. हॅडली विकम यांचं जीजीप्लॉटही तसंच. दूर न्यूझीलंडची माणसं बडोद्याच्या बाईला फुकट देतात आणि मधला दुकानदार त्याला कुलूप लावून बसतो! तेही या गावात. सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, गावोगावी वाचनालयं उघडली. त्या महाराजांच्या राजधानीत चार ओळी दाखवायला माणसं का-कू करतात, याची मला लाज वाटते. ती लाज तुमच्यामुळे थोडी कमी झाली. भली माणसं असतात, फक्त ती पाटी लावून बसत नाहीत, त्यामुळे सापडायला वेळ लागतो.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. मी आणलेली सेव उसळही 'काकांना तिखट सोसत नाही' म्हणून परत करायला निघाला होतात, काकांनीच ती अडवली.

आता एक अडचण. थीसिसच्या ऋणनिर्देशात तुमचा उल्लेख मी केला आहे, नावाशिवाय, 'दांडिया बाजारातल्या काकू' असा. गाइड म्हणतात, असं चालत नाही, नाव नको तर निदान हुद्दा तरी लिहा. मी 'निवृत्त संख्याशास्त्रज्ञ' लिहिलं होतं, पण तुम्ही 'निवृत्त' शब्दाला हरकत घ्याल याची मला खात्री आहे. काय लिहू ते कळवा. शुक्रवारी छपाईला द्यायचं आहे.

तुमची,
भाजीवाली विद्यार्थिनी