टँगो शिकवताना दोघांनाही दोन्ही बाजू शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उतारवयाकडे झुकलेल्या जोडप्यांनी एकत्र काहीतरी नवं शिकावं, असा सल्ला वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून वरचेवर दिला जातो आणि त्यात हल्ली टँगो या जोडीनं करायच्या नाचाचं नाव हमखास असतं. सल्ला चांगलाच आहे. पण तो वाचून वर्गात आलेल्या जोडप्यांकडे जरा नीट पाहिलं, तर दोघांतलं एक हौसेनं आलेलं असतं आणि दुसरं ओढून आणलेलं. हे पत्र त्या ओढून आणलेल्या माणसाच्या बाजूनं लिहीत आहे. आमच्या घरात ते माणूस मी होते.

माझ्या यजमानांना निवृत्तीनंतर बँडोनिऑन या वाद्याचं वेड लागलं. जर्मनीत तयार झालेलं, भाता ताणून आणि दाबून वाजवायचं हे वाद्य. त्याचं एकच बटण दाबलं तरी भाता उघडताना एक स्वर येतो आणि मिटताना बहुधा दुसराच. ते ऐकता ऐकता ते टँगोपाशी पोचले आणि एक दिवस म्हणाले, “अगं, आपण दोघं शिकू या.” मी साफ नकार दिला. गुडघ्यांचं कारण नव्हतं आणि लाजेचंही नव्हतं. माझी हरकत तत्त्वाची होती. या नाचात पुरुष ठरवतो आणि बाई त्याप्रमाणे पाऊल टाकते, तेही बरेचदा पाठमोरं. नोकरीची सगळी वर्षं मी गणित शिकवलं. मुलींना सांगत आले की उत्तर स्वतः काढा, शेजारच्या वहीत बघू नका. तीच मी, आता नवरा नेईल तिकडे डोळे मिटून जायला कशासाठी शिकू?

शेवटी त्यांच्या हट्टापुढे नाव नोंदवलं. पहिल्या वर्गात माझी शंका खरीच ठरली. आठ पावलांचा एक ठरलेला आकृतिबंध पाठ करून घेतला जायचा आणि तो चुकला की शिक्षक म्हणायचे, “बाईंनी विचार करायचा नाही, विचार हे करतील.” सगळे हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या तासांना यजमान मनातल्या मनात आकडे मोजत मला ढकलत आणि मी त्यांच्या आधीच पाऊल टाकून मोकळी होई. घरी येताना कोणाचं चुकलं यावर वाद, तो जेवणाच्या ताटापर्यंत. तो वर्ग आम्ही सोडला. पुष्कळ जोडपी नेमकी इथेच टँगो सोडतात आणि “आम्हाला जमलं नाही” असं सांगतात. त्यांना नीट शिकवलंच गेलं नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसऱ्या ठिकाणच्या शिक्षिकेनं आम्हाला पहिल्या तासाला एकही पाऊल टाकू दिलं नाही. समोरासमोर उभं केलं, दोघांच्या छातींच्या मध्ये एक कागद धरायला लावला आणि हात खाली सोडायला सांगितले. मग यजमानांना म्हणाली, “फक्त वजन या पायावरून त्या पायावर न्या. कागद पडू देऊ नका.” ते हलले, तसा कागदावरचा दाब बदलला आणि काही न ठरवता माझंही वजन दुसऱ्या पायावर गेलं. मग तिनं त्यांना विचारलं, “आत्ता यांचं वजन कुठल्या पायावर आहे?” त्यांना सांगता येईना. ते माझ्या पायांकडे बघायला लागले. तिनं हनुवटीला बोट लावून त्यांची मान वर केली. “बघून नाही, कळायला हवं.”

मला हा नाच तिथे उलगडायला लागला. नेणाऱ्यानं पाऊल फक्त सुचवायचं असतं. टाकायचं असतं दुसऱ्यानं. माझं वजन डाव्या पायावर असताना त्यांनी कितीही जोर लावला तरी माझा डावा पाय उचलला जाणार नाही. माझा उजवा पाय मागे किती लांब जाणार आणि जमिनीवर किती सावकाश टेकणार, हे मी ठरवते, आणि तो टेकून त्यावर वजन येईपर्यंत त्यांना थांबावं लागतं. थांबले नाहीत तर पायावर पाय पडतो. ‘ओचो’ नावाची जी वळणं आहेत, त्यांत बाई एका पायाच्या चवड्यावर फिरून जमिनीवर इंग्रजी आठसारखा आकडा काढते. तेव्हा नेणारा जवळजवळ जागच्या जागी उभा असतो आणि तिचं फिरणं पूर्ण होण्याची वाट बघतो. चांगल्या नेणाऱ्याचं निम्मं काम वाट बघण्याचंच आहे.

गणिताच्या माणसाला आवडेल अशी एक गोष्ट सांगते. दोघं समोरासमोर चालताना सहसा त्याचा डावा आणि तिचा उजवा पाय एकाच वेळी हलतो, आरशातल्यासारखा. पण त्यानं मध्येच गुपचूप आपलं वजन बदललं आणि तिचं आहे तिथेच ठेवलं, की दोघांचेही डावे पाय एकत्र हलायला लागतात आणि त्या एका बदलातून चालण्याच्या साऱ्या शक्यता नव्यानं मांडल्या जातात. हे कळल्यावर आठ पावलांचं पाठांतर मला फार गरीब वाटलं. टँगोत सोडवायचं असतं ते पुढचं पाऊल. ते त्या क्षणी, त्या सुरावर, आजूबाजूच्या जोडप्यांमध्ये जेवढी जागा असेल तेवढ्यात ठरतं.

तरीही माझी मूळ हरकत पूर्ण मिटली नव्हती. सुचवणारे कायम तेच का? मी शिक्षिकेला तसं विचारलं. तिनं आम्हाला सरळ जागा बदलायला लावल्या. मी नेणार, यजमान मागे चालणार, म्हणजे मी सुचवेन तसं पाऊल टाकणार.

त्या तासाविषयी मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण या पत्राचं कारणच ते आहे. माझा उजवा हात त्यांच्या पाठीवर गेला आणि पहिल्याच पावलाला मी तो आपल्याकडे दाबला. “अगं, दाबू नकोस, तोल जातोय,” ते म्हणाले. हेच वाक्य मी त्यांना कितीतरी महिने ऐकवत होते आणि त्यांना ते कधी पटलं नव्हतं. आता त्यांच्या पाठीला ते कळलं. मलाही कळलं की पुढच्या जोडप्याचं अंतर, मागून येणारं जोडपं, खोलीचा कोपरा आणि वाक्य संपवत आणलेलं व्हायोलिन हे सगळं एकाच वेळी सांभाळताना हात आपोआप आवळला जातो. शिवाय यजमान माझ्या आधीच पाऊल टाकून मोकळे होत होते, आणि त्यानं माझी किती पंचाईत होत होती! पुढच्या आठवड्यात आम्ही पुन्हा मूळ जागी उभे राहिलो, तेव्हा पाठीवरचा त्यांचा हात नुसता ठेवलेला होता. बोटं सैल. वादाला विषयच उरला नाही.

यावर कोणी म्हणेल की बाईनं नेणं हे टँगोच्या परंपरेत बसत नाही. परंपरा नीट पाहावी. हा नाच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्युनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ या बंदरांच्या वस्त्यांमध्ये युरोपातून आलेले स्थलांतरित, आफ्रिकी वंशाचे लोक आणि स्थानिक यांच्या सरमिसळीतून वाढला. 2009 साली अर्जेंटिना आणि उरुग्वे या दोन्ही देशांच्या वतीनं युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद झाली. त्या जुन्या ब्युनोस आयर्समध्ये पुरुष पुरुषांबरोबर सराव करत, आणि नवख्या मुलाला आधी मागे चालायला शिकावं लागे, नेणं त्यानंतर. जुन्या नर्तकांच्या आठवणींत हे पुन्हा पुन्हा येतं. म्हणजे ज्या पिढीनं 1935 ते 1955 च्या सुमाराचा टँगोचा सुवर्णकाळ गाजवला, तिच्यातल्या कितीतरी उत्तम नेणाऱ्यांना मागे चालणं अंगानं माहीत होतं. आपण त्यांची चित्रं घेतली आणि शिकवण्याची पद्धत मात्र वगळली.

बाईला इथे मत नसतं, हेही खरं नाही. मिलोंगात, म्हणजे टँगो नाचायला लोक जमतात त्या मैफलीत, पारंपरिक रीत अशी की कोणी टेबलापाशी येऊन हात पुढे करत नाही. दुरून नजर भेटते, किंचित मान हलते, आणि समोरच्या व्यक्तीनं तशीच मान हलवली तरच दोघं उठतात. जिच्याकडे बघितलं तिनं नजर वळवली, तर विषय तिथेच संपतो आणि कोणाचा अपमान होत नाही. तीन-चार गाण्यांचा एक संच झाला की मध्ये थोडं वेगळंच संगीत वाजतं, जोड्या सुटतात आणि पुन्हा नव्यानं निवड होते. इतकी काटेकोर संमती पाळणाऱ्या नाचाची ओळख ‘विचार हे करतील’ अशी करून दिली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

जाता जाता एक व्यवहाराची गोष्ट. रबरी तळव्याचे बूट घालून हा नाच शिकू नका. तळवा जमिनीला चिकटतो, वळताना पीळ गुडघ्यात जातो आणि दोष नाचाला मिळतो. चामडी तळव्याचे साधे, पायात घट्ट बसणारे बूट पुरतात. सुरुवातीला संथ, स्पष्ट ठेक्याचं संगीत लावायला सांगा. कार्लोस दि सार्लीच्या वाद्यवृंदावर चालणं सोपं जातं, पुग्लिएसेचा वाद्यवृंद पुढे कधीतरी.

माझी शिक्षकांना विनंती आहे की पहिल्या महिन्यातच प्रत्येक जोडप्याच्या जागा एकदा तरी बदलून घ्या. ‘पुरुषांचे पाय’ आणि ‘बायकांचे पाय’ असं बोलणं थांबवा. नेणारा आणि साथ करणारा, एवढं पुरे. नवरा-बायकोला सबंध तास एकमेकांसमोर उभं ठेवू नका, जोडीदार फिरवा, कारण परक्या माणसाला आपण संसाराचा हिशेब ऐकवत नाही आणि चूक कोणाची ते पटकन कळतं. नवरा-बायकोनं नाचता नाचता एकमेकांना शिकवू नये, असा नियम भिंतीवर लावलात तरी चालेल.

पुरवण्यांनाही सांगणं आहे. टँगोविषयी छापताना तोंडात गुलाब आणि हवेत पाय अशी रंगमंचावरची चित्रं टाकली जातात. ती बघून साठीचे गृहस्थ घाबरतात आणि माझ्यासारख्या बायका चिडतात. त्याऐवजी साध्या कपड्यांत, मान सरळ ठेवून, सावकाश चालणारं एखादं वयस्क जोडपं दाखवा. टँगोची बहुतांश संध्याकाळ अशीच असते.

आणि ज्यांना ओढून आणलं गेलं आहे त्यांना: तुमची हरकत खरी असेल तर ती गिळून टाकू नका, वर्गात बोलून दाखवा आणि जागा बदलून मागा. शिक्षक नाही म्हणाले तर वर्ग बदला. आमच्याकडे आता महिन्यातल्या एका तासाला सगळे जागा बदलतात, आणि त्या तासाला यजमान माझ्याही आधी तयार असतात.

आपली,
एक निवृत्त गणित शिक्षिका