वाळक्या फांद्या जाळण्याआधी: कृषिमंत्र्यांना खुले पत्र

माननीय कृषिमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

अक्रोड, बदाम, पिस्त्याच्या बागांत छाटणी झाली की वाळकी फांदी लगेच जाळा, असा सल्ला शेतकऱ्याला मिळतो. तो चुकीचा नाही. फांद्या वाळवणाऱ्या बोट्रिओस्फेरिया गटातल्या बुरशी मेलेल्या लाकडात मुक्काम करतात आणि पावसाच्या शिंतोड्यांबरोबर जिवंत फांदीवर जातात. माझी तक्रार एवढीच, की जाळण्याआधी त्या फांदीकडे कुणी पाहत नाही.

पाहायला फार काही लागत नाही. सालीवर मोहरीहूनही बारीक काळे ठिपके असतात. भिंगाखाली ते बीजाणूंनी भरलेले कोष निघतात. खरी अडचण पुढे येते. बुरशीच्या दोन वेगळ्या जाती सूक्ष्मदर्शकाखालीही जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, म्हणून डीएनए तपासावा लागतो. जात नवी ठरली, तर तिचा मूळ नमुना संग्रहालयात कायमचा ठेवावा लागतो. २०१३ पासून नावाला नोंदणी क्रमांकही बंधनकारक आहे. हे सगळे करायला माणूस लागतो, आणि नेमके बुरशी ओळखणाऱ्याचेच पद रिकामे राहते!

आजवर सुमारे दीड लाख बुरशींना नावे मिळाली आहेत. २०१७ च्या एका अंदाजानुसार जगात २२ ते ३८ लाख जाती असाव्यात. म्हणजे बहुतेकींचे बारसे व्हायचेच आहे.

नावाने काय साधते, असे आपले अधिकारी विचारतील. अमेरिकेच्या पश्चिम भागात काळ्या अक्रोडाची झाडे वाळू लागली, तेव्हा आधी दुष्काळावर खापर फुटले. खरा दोषी होता एक चिमुकला भुंगेरा आणि त्याच्या अंगावरून झाडात शिरणारी बुरशी. तिला ‘जिओस्मिथिया मॉर्बिडा’ हे नाव २०११ मध्ये मिळाले. तोवर कितीतरी झाडे गेली होती. उलट, शिताके हे खाण्याचे अळंबे मेलेल्या लाकडावरच वाढते. यातली मारणारी कोण आणि नुसते लाकूड कुजवून मातीला परत देणारी कोण, हे न पाहताच कसे कळणार?

म्हणून दोन गोष्टी मागतो. छाटणीच्या हंगामात प्रत्येक संशोधन केंद्राने वाळक्या फांद्यांचे थोडे नमुने, झाडाचे नाव, ठिकाण आणि तारीख लिहून, कागदी पाकिटांत जपावेत. प्लास्टिकच्या पिशवीत नकोत, दमटपणाने भलतीच बुरशी माजते. आणि बुरशीशास्त्रज्ञाचे पद भरावे. बाकीची लाकडे खुशाल जाळा.

आपला,
एक बुरशी-अभ्यासक