पंप बदलण्याआधी दाब बघायला लावणाऱ्या मिस्त्रींना

आदरणीय मिस्त्री,

सप्रेम नमस्कार.

कॉमन रेल डिझेल पिकअपचा सगळ्यात छळणारा आजार तुम्हाला वेगळा सांगायला नको. (कॉमन रेल म्हणजे पंप एका जाड नळीत, रेलमध्ये, डिझेल दाबून ठेवतो आणि तिथून इंजेक्टर ते इंजिनात फवारतात.) रिकामी गाडी छान पळते. भरलेली गाडी कसारा किंवा खंबाटकीच्या चढणीला लागली की एकदम ताकद सोडते, चेक लाइट लागते, कधी बंदच पडते. दहा मिनिटं उभी केली की पुन्हा चालू होते, आणि गॅरेजात नेली की तिला काही झालेलंच नसतं. स्कॅनरवर, म्हणजे गाडीचे दोष वाचणाऱ्या यंत्रावर, कोड येतो पी ००८७, म्हणजे रेलमधला दाब कमी. एवढ्यावर पुष्कळ ठिकाणी हायप्रेशर पंप काढायला घेतात. तुम्ही आधी दाब कसा पडतो ते बघायला लावता, आणि ती पद्धत काहीही हातचं न राखता सगळ्यांना शिकवता. त्यासाठी हे जाहीर आभार.

स्कॅनरवर दोन आकडे शेजारी लावायचे: ईसीयूने (इंजिनच्या कॉम्प्युटरने) मागितलेला दाब आणि रेलमधला खरा दाब. आयडलला (इंजिन रेस न देता नुसतं चालू असताना) साधारण २५० ते ३५० बार, पूर्ण लोडवर बऱ्याच इंजिनांत १६०० बारपर्यंत. मग गाडी भरूनच चढणीवर न्यायची, आलेख बघायला शेजारी दुसरा माणूस बसवायचा. मागणी वर जाते आणि खरा दाब मागे मागे पडत खाली येतो, तर डिझेल पुरत नाही. पण ८०० बारचा आकडा एका क्षणात शून्यावर जाऊन तसाच परत आला, तर तो दाब नव्हेच. चालत्या इंजिनात रेल अशी रिकामी होऊन भरत नाही. ती वायर आहे, कनेक्टर आहे, नाहीतर सेन्सर. तेव्हा सेन्सरची ५ व्होल्टची सप्लाय आणि अर्थिंग तपासायचं, इंजिन चालू ठेवून हार्नेस (वायरची जुडी) हलवून बघायचं, इंजिनच्या कडेला वायर कुठे घासली आहे ते शोधायचं. गाडी बराच वेळ उभी असताना फक्त चावी ऑन केली तर सेन्सरचा सिग्नल अर्ध्या व्होल्टच्या आसपास आणि स्कॅनरवरचा दाब शून्याजवळ हवा. हा एक फरक कळला तरी निम्म्या चुकीच्या खरेद्या टळतात.

डिझेल पुरत नाही असं ठरलं तरी तुम्ही पंपाकडे सगळ्यात शेवटी जाता. आधी कॅन. स्वच्छ डिझेलचा कॅन नीट बांधायचा, पंपाची सक्शन (डिझेल ओढणारी नळी) आणि रिटर्न (उरलेलं डिझेल परत आणणारी नळी) दोन्ही त्यात सोडायची, फिल्टर मात्र मध्ये ठेवायचा आणि त्याच चढणीवर जायचं. दोष गेला तर तो टाकीत, टाकीतल्या ओढ-नळीच्या जाळीत किंवा पाइपात आहे. टाकीतला गाळ किंवा चिंधी ओढीने जाळीवर येऊन बसते आणि इंजिन बंद झालं की खाली सुटते. दहा मिनिटांनी गाडी चालू होण्याचं कोडं बरेचदा इथेच सुटतं. टाकीच्या झाकणाचा हवेचा मार्ग बुजला असेल तरी लक्षणं हीच. झाकण उघडताना सुस्कारा आला आणि त्यानंतर गाडी सुधारली, तर आणखी शोधायची गरज नाही.

डिझेलच्या लाइनने हवा धरण्याबद्दल तुम्ही सांगता ते तर प्रत्येक गॅरेजच्या भिंतीवर लिहावं. ज्या गाड्यांत टाकीत इलेक्ट्रिक पंप नाही, तिथे टाकीपासून पंपापर्यंतची लाइन ओढीवर चालते. तिला भेग पडली तर डिझेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून बाहेरून सगळं कोरडं दिसतं. फिल्टरच्या आधी आणि नंतर पारदर्शक नळीचा तुकडा लावला की बुडबुडे कुठून सुरू होतात ते कळतं. आणि इंजिन बंद ठेवून हँड प्रायमर (हाताने डिझेल पुढे ढकलायचा छोटा पंप) कडक होईपर्यंत दाबला की त्याच्या पुढची, पंपापर्यंतची लाइन दाबाखाली येते. थोडं थांबलं की बँजोच्या (नळी जोडणाऱ्या पोकळ बोल्टच्या) कॉपर वॉशरशी किंवा क्लिपखाली डिझेलचा थेंब फुटतो. पावसाळ्यात फिल्टरमधलं पाणी काढायचं ते या सगळ्याच्या आधी.

इंजेक्टरची रिटर्न, म्हणजे प्रत्येक इंजेक्टरमधून परत येणारं डिझेल, मोजणं सोपं आहे, तरी ती क्वचितच मोजली जाते. प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला सारख्या मापाची बाटली लावून गरम इंजिन काही मिनिटं आयडलला ठेवायचं. एखादी बाटली इतरांच्या दुप्पट-तिप्पट भरली तर तो इंजेक्टर दाब खातो. मोजमाप गरम इंजिनावरच, कारण तापलेलं डिझेल पातळ होऊन जास्त निसटतं. सकाळी एका चावीत चालू होणारी गाडी दुपारी स्टार्टरवर नुसती फिरत राहते, चालू होत नाही, ती बरेचदा यामुळेच. रेलला प्रेशर लिमिटर (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह) असेल तर त्याची रिटर्नही सोडून बघायची. क्रँकिंगला (स्टार्टरने इंजिन फिरवताना) तिथून डिझेल येता कामा नये. बॅटरी मात्र आधी चार्ज हवी, कारण इंजिन हळू फिरलं तरी दाब तयार होत नाही. इतकं सगळं चोख निघालं तरच पंप आणि त्याचा मीटरिंग व्हॉल्व्ह (पंपात किती डिझेल जायचं ते ठरवणारा) बघायचा.

शेवटचे आभार तुमच्या कडकपणाचे. जुन्या पंपांच्या सवयीने चालू इंजिनावर नोझलचा नट ढिला करणाऱ्याचा हात तुम्ही तिथल्या तिथे धरता. या दाबाची धार कातडीतून आत जाते आणि वर नुसता टाचणीएवढा ठिपका दिसतो. तो दुखत नसला तरी तासाभराची वाट न बघता माणसाला शल्यचिकित्सकाकडे न्यायचं, आणि डिझेल दाबाने आत गेलं आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं, हे तुम्ही शिकाऊ पोरांकडून पाठ करून घेता. त्या पोरांच्या आईवडिलांच्या वतीनेही नमस्कार.

आपले,
पिकअपवर संसार चालवणारे चालक-मालक