बाळ्या, आधी पाण्याचं बघ

साने गुरुजी वसाहत, कोल्हापूर

प्रिय बाळ्या,

तुझं पत्र परवाच मिळालं. मुंबईची नोकरी संपवून गारगोटीला परत आलास आणि सामान लावायच्या आधी खुराडं बांधायला काढलंस. वहिनी काय म्हणाल्या ते तू लिहिलं नाहीस, त्यावरनंच मी समजलो!

दहा तलंगा (अंड्यावर यायच्या बेताच्या तरुण कोंबड्या) नि एक कोंबडा, सुरुवातीला एवढं पुरे. गिरिराज घे, वनराज घे, नाहीतर आपली गावठी घे, परड्यात सगळ्या रमतात. इथल्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रात मी चौकशी करून ठेवतो. कडकनाथच्या मागं मात्र लागू नकोस. पक्षी वाईट नाही, पण त्याच्या नावानं आपल्या भागात केवढा बाजार झाला आणि किती जणांचे पैसे बुडाले, ते तू पेपरात वाचलंच असशील.

तर मुद्द्याचं. तू दोन पानं भरून खाद्याचं विचारलंयस. मका किती, कण्या किती, शिंपल्यांचा चुरा कुठं मिळतो, पेंड घालू का. आणि पाण्याबद्दल फक्त एक ओळ: 'पाणी काय, घमेल्यात भरून ठेवीन.' ही ओळ वाचली आणि म्हटलं, याला फोनवर सांगून भागायचं नाही, लिहूनच काढावं.

अरे, अंडी देणारी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम खाते, पण पाणी पिते त्याच्या दुप्पट. म्हणजे साध्या दिवसांत पाव लिटरच्या आसपास, आणि एप्रिल-मेमध्ये तेच जवळजवळ दुप्पट होतं. तुझ्या अकरा पक्ष्यांना उन्हाळ्यात पाच लिटर पाणी लागणार हे धरून चाल. अंड्याच्या आत तरी काय असतं? चारातले तीन हिस्से पाणीच. एक दिवस भांडं कोरडं राहिलं तर पुढं कितीतरी दिवस अंडी उतरतात, कधीकधी कोंबडी पिसंच झाडायला लागते. मग माणसं खाद्यवाल्याशी भांडायला जातात.

आता घमेलं. घमेल्यात कोंबडी पाय घालून उभी राहते, उकरलेली माती त्यात उडवते, वर बसली तर हगतेही. तासाभरात त्या पाण्याचा रंग बघ. त्यापेक्षा बाजारात प्लास्टिकचं उलटं डब्याचं भांडं मिळतं, खाली गोल पन्हळ असते, तेच घे. आणि ते जमिनीवर ठेवू नकोस. दोन विटा लाव, आणि पन्हळीची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला आण. कोंबडीला म्हशीसारखं पाणी ओढून पिता येत नाही. चोचीत घोट घ्यायचा, मान वर करायची, पाणी आपोआप घशाखाली उतरतं. भांडं पाठीच्या उंचीला असलं की सांडणं कमी आणि पायानं उडणारी घाणही कमी. हे एवढं जरी केलंस तरी अर्धे रोग दाराबाहेर राहतील.

भांडी दोन ठेव, एकमेकांपासून लांब. का, तर प्रत्येक कळपात एक तरी दांडगी असतेच. आमच्याकडं एक तांबडी आहे, ती भांड्यापाशी अशी ठाण मांडते की बाकीच्यांनी लांबूनच बघायचं. दुसरं भांडं फणसाच्या मागं ठेवलं तेव्हा तिची सत्ता संपली. तिला दोन्हीकडं पहारा देता येईना, नुसती येरझाऱ्या घालत बसली.

भांडं रोज धुवायचं. नुसतं विसळायचं नाही, आतनं बोट फिरवून बघायचं. बोटाला बुळबुळीत लागलं की समजायचं, थर धरला. हिरवं शेवाळ डोळ्याला दिसतं तरी, हा चिकट थर दिसत नाही आणि सगळी घाण त्यातच वाढते. नारळाची शेंडी आणि राख घेऊन घासायचं, आठवड्यातनं एकदा ब्लीचिंग पावडरच्या पाण्यानं धुऊन उन्हात पालथं घालायचं. पाण्यात हळद घाल, लसूण घाल, व्हिनेगर घाल असं तुला दहा जण सांगतील. धुतलेल्या भांड्यातलं साधं पाणी त्या सगळ्याला भारी आहे. आणि व्हिनेगर पत्र्याच्या भांड्यात तर अजिबात घालू नकोस, पत्रा खातं.

कोंबडीला घाम येत नाही, हे विसरू नकोस. अंगाची उष्णता तुऱ्यातनं, गळ्याखालच्या लोंबत्या लाल कातडीतनं आणि धापा टाकून बाहेर जाते. धापा टाकल्या की अंगातलं पाणीही जातं. उन्हात तापलेलं पाणी तिला नको असतं. भांडं भरलेलं असूनही ती तहानलेली राहते आणि आपण म्हणतो, 'पाणी तर आहे की!' म्हणून दुपारी बाराच्या सुमाराला पाणी बदल. सावलीत मातीचं पसरट भांडं ठेवलंस तर अजून बरं, पण त्याला घासायची मेहनत जास्त. कोंबड्या पाणी पितात ते सकाळी बाहेर सुटल्यासुटल्या, अंडं घातल्यावर, आणि सगळ्यात जास्त संध्याकाळी बसायला जायच्या आधी. त्या वेळी भांडं रिकामं असता कामा नये. रात्री त्या पीत नाहीत. खुराड्यात रात्री पाणी ठेवलंस तर ते फक्त सांडेल. मात्र पहाटे उजाडताच सोडायची जबाबदारी तुझी, उशिरापर्यंत लोळत पडायचं नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगतो, कारण गारगोटीकडं पाऊस आमच्यापेक्षा जास्तच. तिथं पाण्यानं मरण्यापेक्षा ओलीनं कोंबडी जास्त मरते. खाली भाताचं तूस चांगलं चार बोटं पसर आणि रोज खालीवर कर. मूठभर तूस हातात घेऊन दाबून बघ. मूठ उघडल्यावर सुटं झालं तर ठीक, लाडू राहिला तर ते काढून टाक आणि थोडा चुना भुरभुरून नवीन घाल. ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू दोन दिवसांत तयार होतात, पिल्लं तर पटापट जातात. खुराड्यात वाकून बसल्यावर डोळ्यांना झोंबलं तर तो अमोनिया, कोंबड्यांना तर तो रात्रभर सोसावा लागतो. ओल सगळ्यात जास्त कुठं होते माहितीये? पाण्याच्या भांड्याभोवती. म्हणून भांड्याखाली जाळी टाक, खाली खडी.

२०१९ च्या पुरात चिखलीहून आमचे पाहुणे आले होते. पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच ओलांडली होती. ते आले ते डालग्यात कोंबड्या घेऊनच. आमच्या आईनं माणसांना आधी चहा दिला नाही, आधी म्हणाली, 'ती कोंबडी पलीकडच्या पडवीत, आणि त्यांचं भांडं वेगळं.' पाहुण्यांना जरा राग आला, पण तिचं बरोबर होतं. नवीन पक्षी आला की दोन-तीन आठवडे वेगळाच ठेवायचा, कारण रोग सगळ्यात लवकर जातो तो एका भांड्यात चोची बुडवल्यानं. तू बाजारातनं एखादी कोंबडी घेऊन येशीलच, मला माहितीय तुझा स्वभाव. तिच्यासाठी भांडं आत्ताच बाजूला काढून ठेव.

लसीचं सांगायचं राहिलं. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, आला की पंधरा दिवसांत परडं रिकामं होतं, त्यावर औषध नाही, लस हाच उपाय. लहानपणी डोळ्यात थेंब, नंतर लासोटा नावाच्या लसीची मात्रा पाण्यातनं, आणि मग मोठेपणी इंजेक्शन. कधी काय द्यायचं ते तुमच्या तिथल्या जनावरांच्या दवाखान्यातनं लिहून घे. मी फक्त पाण्याचं सांगतो. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लस मारून टाकतं. आमच्याकडं काळम्मावाडीचं पाणी थेट पाईपलाईननं येणार येणार म्हणत किती दिवाळ्या गेल्या, २०२३ च्या दिवाळीत आलं एकदाचं. पण कुठल्याही धरणाचं असो, नळातनं येतं ते क्लोरीन घालूनच. लसीला विहिरीचं गार पाणी घे, त्यात लिटरला चमचाभर बिनसायीच्या दुधाची पावडर मिसळ, भांडं प्लास्टिकचं घे आणि त्या दिवशी ते ब्लीचिंगनं धुऊ नकोस. आधी तास-दोन तास कोंबड्यांना पाणी द्यायचं नाही, म्हणजे लसीचं पाणी झपाट्यानं संपतं. उन्हं चढायच्या आत सगळं उरकायचं.

पुढं कधी पिल्लं आणलीस तर दाण्याआधी पाणी. कोमट पाण्यात थोडा गूळ विरघळव (गूळ मात्र आपल्याकडचाच, पिल्लांनाही कळू दे कोल्हापूर काय ते), एकेकाची चोच हळूच बुडवून दाखव. थाळीत स्वच्छ खडे टाक, नाहीतर पिल्लू भिजतं आणि गारठून मरतं.

एक सवय लावून घे. सकाळी भांडं भरताना कालचं किती उरलं ते बघायचं. कोंबडी आजारी पडली की दाणे टिपायचं नाटक एखादा दिवस करते, पण पाणी आधी कमी होतं. ऊन तेवढंच आणि भांडं मात्र अर्धं भरलेलं, की प्रत्येकीचा तुरा बघ, कोण पिसं फुगवून कोपऱ्यात उभी आहे ते बघ, आणि तिला वेगळी काढ. पाण्यातनं अँटिबायोटिक देऊन टाकायचा सल्ला देणारा एखादा भेटेलच. डॉक्टरनं सांगितल्याशिवाय अजिबात नाही.

तुमच्या बोअरच्या पाण्याला क्षार किती आहे? निपलची पाईप (चोच लावली की थेंब सोडणारी) बसवायचा विचार असेल तर आधी ते बघ, क्षार असला की निपल तुंबतात आणि वरनं काही कळत नाही. तुझ्या घरातल्या बादलीला पांढरा थर धरत असेल तर निपलच्या नादाला लागू नकोस. पुढच्या रविवारी मी मटण खायला येतोय असं वहिनींना सांग. येताना दोन भांडी लक्ष्मीपुरीतनं घेऊन येतो, पैसे तिथंच घेईन.

तुझा,
दिन्या