केमोचा थकवा आणि समुद्री शेवाळ

माननीय संपादक,

समुद्री शेवाळापासून केलेल्या पूरकाने केमोथेरपीचा थकवा टाळता येतो का, याची चाचणी आपल्याकडे व्हावी, असे माझे मत आहे. परंतु ती कशी व्हावी, यावर सारे अवलंबून आहे. माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही दर तीन आठवड्यांनी रत्नागिरीहून मुंबईला केमोसाठी नेत असू. उलटीवर गोळी होती, पण घरी परतल्यावर माजघरातून पडवीपर्यंत यायलाही तिला भिंतीचा आधार लागे आणि कितीही झोपली तरी तो थकवा उतरत नसे. त्या दिवसांत एका परिचिताने आणून दिलेली शेवाळाची पावडर आम्ही निमूटपणे सुरू केली. त्यात आयोडीन किती, हेसुद्धा डब्यावर लिहिलेले नव्हते.

ही आशा मुख्यतः तपकिरी शेवाळातील फ्यूकॉइडन या गुंतागुंतीच्या शर्करेवर आहे. जपानमधील २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मोठ्या आतड्याच्या बळावलेल्या कर्करोगाचे अवघे २० रुग्ण होते. फ्यूकॉइडन न घेणाऱ्या दहांपैकी सहांना थकवा आला, तर घेणाऱ्या दहांपैकी एकालाच. आकडे मोहात पाडणारे आहेत खरे. पण एवढ्या लहान गटात दोघा-तिघांची उत्तरे बदलली तरी चित्र पालटते. शिवाय थकवा रक्त तपासून मोजता येत नाही, तो रुग्णाला विचारावा लागतो, आणि आपल्याला काही खास मिळते आहे हे ठाऊक असलेल्या माणसाला तेवढ्यानेच हुशारी वाटते. म्हणून तुलनेसाठी दिसायला सारखीच, पण औषधाविना कॅप्सूल हवी. (पावडर नकोच, किनाऱ्यावर वाढलेला माणूस शेवाळाचा वास डोळे मिटूनही ओळखतो.)

तो जपानी अभ्यास मोझुकू नावाच्या शेवाळावरचा होता. पावसाळ्यानंतर आपल्या खडकांवर वाढणाऱ्या सरगॅसम या तपकिरी शेवाळातही फ्यूकॉइडन असते, मात्र त्याची रचना आणि प्रमाण जातीनुसार व हंगामानुसार बदलते. त्यामुळे तिकडचा निष्कर्ष इकडच्या डब्यावर छापणे गैर आहे. तपकिरी शेवाळातील जादा आयोडीनने थायरॉइड मंदावले, तर त्यातूनच थकवा येतो. फ्यूकॉइडन रक्त गोठण्याची क्रियाही मंदावू शकते. म्हणून रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्यांना आणि केमोने प्लेटलेट (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी) घटलेल्यांना चाचणीत घेऊ नये. प्रतिबंधच तपासायचा, तर पूरक पहिल्या केमोच्या आधीपासून द्यावे आणि निकाल निराशाजनक असला तरी प्रसिद्ध करावा.

आणखी एक. "थकवा दहापैकी किती?" या प्रश्नाला माझी बहीण दर खेपेस डॉक्टरांना "बरं आहे" एवढेच सांगे, कारण तिचे लक्ष परतीच्या गाडीकडे असे. प्रश्नावली रुग्णाच्या घरी, मराठीत भरून घ्यावी, आणि आज विहिरीचे पाणी कोणी काढले, अंगण कोणी झाडले, हे विचारावे.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी